पाट्याच्या कानातला बोल्ट

अन्याय झाला तो माझ्या सख्ख्या आत्यावर, दुर्गाआत्यावर. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची पंगत उठल्यावर, आमच्या घराच्या मागच्या पडवीत, भर उजेडात झाला. करणारे माझे वडील होते आणि पाहणारे आम्ही सगळे. हे इतकं उघडं लिहिलं म्हणून भावकीतली माणसं रागावतील. रागावोत. तरुणपणी मी रेवसच्या धक्क्यावर उतारू बायांसाठी पत्रकं लिहून वाटत असे. लाँचची वाट बघत बाया उन्हात उभ्या राहायच्या, त्यांना ना आडोसा ना प्यायला पाणी. तेव्हापासून हाताला सवयच लागली आहे, की आधी माणसाचं नाव लिहायचं, मग वेळ, आणि मग बाकीचं. एवढं वय झालं तरी ती गेली नाही.

हे लिहायला बसण्याचं कारण अलीकडचं आहे. नात्यातल्या एका बारशाला गेले होते. जेवणं झाल्यावर भावाच्या नातवाने आपल्या मित्रांना गोष्ट सांगायला घेतली, ‘आमच्याकडे एक दुर्गाआजी होती, तिने मोटार चालवायला घेतली आणि आमच्याच बेड्यात, म्हणजे फाटकात, तिचे दोन तुकडे केले.’ सगळे खदखदून हसले. पोरगा वाईट नाही. त्याला त्याच्या बापाने सांगितली, बापाला त्याच्या बापाने. साठ वर्षं ही गोष्ट आमच्या घरात लग्नकार्याला लोणच्यासारखी वाढली जाते. मी उठून म्हटलं, ‘खोटं आहे.’ कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आजींना आता बरं वाटत नसेल, त्यांना पंख्याखाली बसवा.’ मला छान बरं वाटत होतं. पंख्याखाली बसले आणि ठरवलं की हे लिहायचं.

आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या सावलीत अळू आणि केळी. वाडीच्या मध्यावर विहीर आणि विहिरीवर रहाट. दसरा उलटला की बैल रहाटाला जुंपायचे, आणि त्याची कुरकुर पहाटेपासून कानात असायची. ती थांबली की झोप मोडायची, अशी आमची उलटी गत. पावसाळ्यात रहाट बंद. मग समुद्राचा घोष, नारळाच्या झापांवरून ठिबकणारं पाणी आणि स्वयंपाकघरातून येणारा पाट्यावरवंट्याचा घसघस आवाज. श्रावणात घरात वालाचं बिरडं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तांदळाची भाकरी. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि वाडीही तेच बघत. त्यांना सगळं घर ‘दादा’ म्हणायचं. बहीण दादा म्हणायची म्हणून आम्ही मुलंही दादाच म्हणायचो. माणूस दुष्ट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही.

दुर्गाआत्या दादांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. मुंबईच्या एका इस्पितळात ती प्रसूतीचं काम शिकली आणि तिथेच बरीच वर्षं राबली. तिथला एक गोरा डॉक्टर, देश स्वतंत्र झाल्यावर, विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची जुनी काळी मोटार आत्याने विकत घेतली, स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशाने. चालवायलाही त्या डॉक्टरच्या ड्रायव्हरकडून शिकली, आणि नुसती चालवायला नव्हे, तर खाली सरपटून बोल्ट आवळायला. पुढे एकदा ती पनवेल-पेणच्या रस्त्याने एकटी मोटार हाकत घरी आली. पदर खोचलेला, तोंडावर धूळ, मागच्या सीटवर बिछाना आणि एक ट्रंक. आईने ओवाळावं की ओरडावं ते न कळून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आत्या म्हणाली, ‘वहिनी, मी परत आले. कायमची.’ आई म्हणाली, ‘ये बाई, पण ही म्हैस बांधायची कुठे?’

ती आली होती ती एक काम मनात धरून. आमच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यांत आणि वाड्यावस्त्यांत बाईला कळा सुरू झाल्या की बैलगाडी शोधायची, आणि गाडी दवाखान्यापर्यंत पोचायची तेव्हा बरेचदा उशीर झालेला असायचा. बाजूच्या गावातल्या दवाखान्याला प्रसूतीसाठी शिकलेली बाई हवी होती. अट एकच होती, बोलावणं येईल तिथे जायला तिच्याकडे वाहन पाहिजे. ती जागा आत्याला मिळाली. गौरीगणपती झाले की रुजू व्हायचं होतं. मोटार नाही तर जागा नाही, इतकं सरळ होतं ते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते एका बोल्टचं आहे असं कुणी समजू नये.

आमच्याकडे तेव्हा रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. म्हणून ओहोटी लागली की गाड्या किनाऱ्यावरून जात. ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, मोटार तिच्यावरून सुसाट जाते आणि चाकांखालून खारं पाणी तळाला उडत राहतं. आत्याला ते माहीत होतं. रोज परत आली की ती विहिरीचं पाणी काढून मोटारीचा तळ धुवायची, अगदी गुराचं अंग धुवावं तसं. मधू, माझा भाऊ, बादल्या ओतायचा. पण किनाऱ्यालगतच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. आम्ही ते जन्मापासून पीत आलेलो, आमच्या जिभेला ते गोडच लागायचं. मिठाने मीठ धूत होतो आम्ही, आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुंबईच्या नळाचं पाणी पिऊन आलेल्या आत्याच्यासुद्धा नाही, कारण घरी आल्यावर तिचीही जीभ घरची झाली होती.

आषाढात एके दिवशी पुढच्या डाव्या बाजूला कडाड वाजलं आणि मोटार तिकडे कलली. मोटारीचा भार ज्या कमानपाट्यावर असतो तो म्हणजे पोलादाची लांब पानं एकाखाली एक बांधलेली. त्यातलं वरून दुसरं पान तुटलं होतं. ही काही मोठी गोष्ट नव्हती. आत्याने ओळखीच्या माणसाकडून मुंबईहून तसलं पान मागवलं, ते लाँचने रेवसला आलं, तिथून एसटीच्या टपावर. पण ते बसवायचं तर सगळा पाटा खाली उतरवायला हवा. पाट्याचं सगळ्यात वरचं, मुख्य पान टोकाला गोल वळवलेलं असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानातून एक जाडजूड बोल्ट आरपार जातो आणि पाटा मोटारीच्या सांगाड्याला धरून ठेवतो. तो बोल्ट काढायला गेलो तेव्हा कळलं, की खाऱ्या पाण्याने तो आणि कान मिळून एकच लोखंड झालं आहे. मधूने पान्यावर दोन्ही पाय ठेवून उड्या मारल्या. पाना वाकला. बोल्ट जागचा हलला नाही.

‘उतर खाली,’ आत्या म्हणाली. ‘त्याची मान मोडायची नाहीये, त्याला बाहेर आणायचाय.’

मग तिने ज्या पद्धतीने काम चालवलं ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. वाडीच्या कडेला झापांची शेड होती, तिथे तळाशी नारळाचे ओंडके देऊन मोटार उचलून ठेवलेली. खाली सुंभाची चटई पसरून आत्या उताणी पडायची. तारेच्या ब्रशने बोल्टाची दोन्ही टोकं घासून उजळ करायची, त्यांना तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळायची आणि लहान हातोडीने कानाच्या चहूबाजूंनी बारीक बारीक ठोके द्यायची, जोरात अजिबात नाही, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसे. मग उठून हात धुऊन बिरड्याचे वाल सोलायला बसायची. परत संध्याकाळी तेच. ‘तेलाला आत शिरायला वाट द्यायची,’ ती म्हणायची, ‘आणि वाट झाली की वेळ द्यायचा. दुसरं काही नाही.’

सुरुवातीला तेल रॉकेलमिश्रित होतं. एके सकाळी पारू आली. पारू कोळीण; श्रावणात आमच्याकडे मासळी खपत नाही हे माहीत असूनही ती येऊन पडवीत बसायची, कारण तिची थोरली सून अडली तेव्हा तिची सुटका आत्याने केली होती आणि धाकटी सून आता दिवसांत होती. तिने वाकून मोटारीखाली पाहिलं. आत्याचे फक्त पाय दिसत होते.

‘काय गो बाय, अजून न्हाय झाला मोकला?’

‘नाही गं पारू. हट्टी आहे.’

‘तू आमाला काय बोलतेस? जोर करू नको, येल आली का पोर आपसूक येल. मंग त्याला बी येऊ दे!’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली की टोपली कलंडली. ‘अरे द्येवा, सुईन लोखंडाला बसली! पोरगा झाला तर नाव काय ठेवशील?’

‘तुझ्या नवऱ्याचं ठेवीन. तोही असाच अडून बसतो म्हणतेस ना?’

‘व्हय व्हय! पन त्याला एक ठोका पुरतो.’

दुसऱ्या दिवशी पारूने एक बाटली आणून दिली, मुशी माशाच्या तेलाची. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा त्यांच्या तळाला हे तेल चोपडतात. लाकडाच्या चिरेत शिरतं तसं गंजातही शिरतं, असं तिचं म्हणणं. वास असा की मांजरं शेडभोवती गोळा झाली. आईने नाकाला पदर लावला. ‘श्रावण आहे हो घरात! दुर्गावन्सं, हा वास देवघरापर्यंत येतोय.’ आत्या मोटारीखालूनच म्हणाली, ‘देवाला सांगा, दवाखान्याचं काम आहे.’ आईने दोन उदबत्त्या जास्त लावल्या आणि भांडण मिटलं. त्या शेडमध्ये तेव्हा उदबत्ती आणि मुशी यांचा मिळून जो वास भरून राहायचा, तो मला अजून मधूनच, काही कारण नसताना येतो, आणि मी हातातलं काम सोडून बसून राहते.

दादा रोज शाळेतून आले की शेडपाशी उभे राहात. आधी चेष्टा करत, मग चिडत. त्यांच्या मनात दुसरंच होतं आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. दुसऱ्या एका वाडीवर विहिरीला इंजिन बसलं होतं. बैलांशिवाय पाणी, आणि तेही भळाभळा. ‘ही मोटार उभीच राहणार असेल तर तिचं इंजिन विहिरीवर बसवू,’ ते म्हणाले. आत्या म्हणाली, ‘उभी राहणार नाही.’ ‘मग कधी चालणार?’ ‘बोल्ट निघाला की.’ ‘तो कधी निघणार?’ यावर ती पुन्हा मोटारीखाली सरकली, आणि मास्तर माणसाला उत्तर नसलेलं चालत नाही. शेवटी दादा म्हणाले, ‘नारळी पौर्णिमेपर्यंत बघ. तोवर मोटार हलली तर तुझी. नाहीतर इंजिन विहिरीवर.’ आत्या म्हणाली, ‘मोटार माझीच आहे, दादा.’ ते म्हणाले, ‘अगं हो, तुझीच. घरातच तर राहणार आहे.’ हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि मला ते समजुतीचं वाटलं. आज ते कुणाच्याही तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ठोक्याचा आवाज बदलला. इतके दिवस तो मातीच्या मडक्यासारखा भद्द येत होता. त्या दिवशी त्याला बारीक किणकिण आली. आत्या थांबली. पुन्हा ठोकलं. मला हाक मारली, ‘शालू, इकडे ये, ऐक.’ मी चटईवर तिच्या शेजारी आडवी झाले. तिने पाना लावला आणि सोडवण्याऐवजी आधी किंचित आवळला. मला वाटलं चुकली. ‘आधी आवळायचा,’ ती कुजबुजली, जणू बोल्ट झोपलेला होता, ‘गंजाची पकड तुटते.’ मग उलटा. बोल्ट हलला. फार नाही, नखाच्या जाडीइतका. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तांबडा चिखल मुशीच्या तेलात मिसळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ती हसत होती. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, ‘आता ओढूया का?’ ती म्हणाली, ‘नको. आज तेल पिऊ दे. उद्या संध्याकाळी, फार तर परवा सकाळी, बोटाने निघेल.’ तिने जेवताना दादांनाही हेच सांगितलं. दादा म्हणाले, ‘बघू.’

पौर्णिमेला पारूने आत्याला किनाऱ्यावर मानाने बोलावलं होतं. दुपारी नारळीभात जेवून मी आणि आत्या निघालो. कोळीवाड्यातल्या होड्या रंगवून, पताका लावून तयार. बाया ठेवणीतल्या लुगड्यांत, अंबाड्यावर फुलं. वाजंत्री, आणि समुद्राला वाहायचा सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. पारूची धाकटी सून पोट सावरत पुढे आली आणि आत्याच्या पाया पडली. पारू म्हणाली, ‘हिची येल आली का मी पोराला धाडीन. भोंगा वाजवत येशील ना?’ आत्या म्हणाली, ‘भोंगा वाजवत येईन. साऱ्या गावाला उठवीन.’ त्या दिवशी समुद्र तांबूस, गढूळ होता आणि पावसाने उघडीप दिली होती. आत्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून काठाच्या वाळूकडे बघत होती. ओहोटी कुठवर जाते, मोटार कुठून काढता येईल, याचाच हिशेब करत असणार.

इकडे घरी काय झालं ते मधूने मला नंतर सांगितलं, आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं. रहाटाचा लोखंडी कणा, म्हणजे मधला आस, खिळ्यांसकट दरवर्षी गंजून बसायचा, आणि दरवर्षी दादा तो एकाच रीतीने मोकळा करायचे. नारळवाडीत करवंट्यांना तोटा नाही. करवंट्यांचे निखारे भयंकर कडक होतात. सोनार मुद्दाम तेच वापरतात. दादा गंजलेल्या जागेभोवती ते निखारे रचायचे, सोनाराकडून आणलेल्या भात्याने फुंकायचे, लोखंड लाल झालं की त्यावर विहिरीचं पाणी ओतायचे. फस्स करून वाफ उठायची आणि खिळा सुटायचा. साध्या लोखंडाचं त्याने काही बिघडत नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे असंच करत आलेत. दादांनी बहिणीचे सोललेले बोटांचे सांधे पाहिले होते. ‘पोरीने महिनाभर हाल काढले,’ ते मधूला म्हणाले, ‘ती आली की बोल्ट तिच्या हातावर ठेवू.’ म्हणजे त्यांनी ते दयेने केलं. मुदत त्यांनीच घातली होती आणि ती संपण्याआधी मदतही त्यांनीच केली. पण तिला विचारलं नाही. एका माणसाला किनाऱ्यावर पाठवलं असतं तरी ती धावत आली असती.

आम्ही घरी परतलो तेव्हा ऊन कललं होतं. दादा शेडच्या तोंडाशी हात मागे बांधून उभे. ‘हात पुढे कर,’ ते म्हणाले. आत्याने केला. त्यांनी तिच्या तळव्यावर बोल्ट ठेवला. काळा पडलेला, अजून कोमट. ‘अर्ध्या तासाचं काम,’ मधू म्हणाला.

आत्याने बोल्टकडे बघितलंच नाही. ती खाली वाकली, मोटारीखाली गेली. मग तिने मला आत बोलावलं आणि पाट्याच्या कानावर माझं बोट फिरवलं. मुख्य पानाचा कान आणि त्यामागची वीतभर पट्टी निळी पडली होती, मोराच्या मानेसारखी. दिसायला सुंदर होती.

ती बाहेर येऊन म्हणाली, ‘दादा, पोलादाचं पाणी उतरलं.’

‘म्हणजे?’

‘पाट्याला पाणी दिलेलं असतं. तापवला की त्याचा लवचीकपणा जातो. वरून पाणी ओतलं असशील तर आता तो काचेसारखा तुटेल.’

‘रहाटाचा कणा नाही कधी तुटला.’

‘रहाटाचा कणा लोखंड आहे, दादा. तो लवत नाही. हा लवण्यासाठीच केलेला असतो.’

दादांचा चेहरा पडला. मी तो पाहिला. क्षणभर ते बहिणीकडे असे बघत होते की आता म्हणतील, चुकलं माझं. त्या एका क्षणावर मी आयुष्यात किती वेळा परत गेले असेन. पण शेडमध्ये मधू होता, आई आली होती, शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. दादा म्हणाले, ‘नुसतं रंगावरून काय कळतं? उद्या नवं पान बसव आणि चालवून दाखव. पौर्णिमा ठरली होती, मी एक दिवस जास्त देतो.’

‘मुख्य पान मुंबईहून मागवते. लाँचच्या चार फेऱ्यांत येईल.’

‘म्हणजे पुन्हा थांबायचं. तुझं हे थांबणं संपायचं नाही दुर्गे. चालव, नाहीतर चालत नाही म्हण.’

सकाळी तिने आणि मधूने पाटा बसवला. काळा पडलेला बोल्ट तिने ब्रशने घासून, तेल लावून नीट घातला. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिला सगळं कळत होतं, तरी ती चालवायला बसली, कारण नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, आणि हो म्हटल्यावर एखादवेळेस पाटा टिकेल एवढी तरी आशा होती. दवाखान्याच्या जागेला गौरीगणपतीपर्यंतचाच वेळ होता. इंजिन हँडलच्या एका फेऱ्यात सुरू झालं. तिने मोटार इतकी हळू काढली की मी तिच्या बाजूने चालत होते. शेडमधून अंगणात, अंगणातून बेड्याकडे. बेड्यात पावसाचं पाणी जायला आडवी चारी खणलेली होती. पुढचं चाक चारीत उतरलं, आणि कडाड. मोटार डाव्या कुशीवर बसली. आत्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली. ‘आत्याने मोडली!’ असं मधू ओरडला. तेव्हा तो लहान नव्हता, पण आगाऊ होता. त्याला काही म्हणायचं नव्हतं, नुसतं जे दिसलं ते ओरडला. तीच आमच्या घरातली गोष्ट झाली.

दुपारी जेवणं झाली. दादा मागच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, ‘मग ठरलं. मोटार काही चालत नाही. इंजिन विहिरीवर घेऊ. दुर्गे, तुलाच सगळं कळतं, तूच बसव.’

मी बोलले. पत्रकात लिहिते तसंच बोलले. मोटार तिची आहे, बोल्ट तिने पौर्णिमेच्या आदल्याच दिवशी मोकळा केला होता, पाटा तुम्ही जाळला, हे सगळं एका दमात. दादा शांतपणे म्हणाले, ‘हा रेवसचा धक्का नाही, शालू. घर आहे.’ आईने माझा दंड धरला. काकांनी पानाला चुना लावला. मी पुन्हा बोलले, तेव्हा दादा उठून आत गेले, आणि घरात दादा उठून गेले की बोलणं संपलं असा नियम होता.

आत्या एवढंच म्हणाली, ‘एक पान मागवायचं होतं फक्त.’

इंजिन काढायला गावचे दोघे पहारी घेऊन आले तेव्हा मात्र ती पुढे झाली. ‘हात लावू नका. तोडाल. मी सोडवते.’ इंजिन धरून ठेवणारे बोल्ट तिने एकेक करून सोडवले, प्रत्येकाला तेल देऊन, आधी किंचित आवळून. एकही तुटला नाही. मी पाने हातात देत होते. ती रडली नाही. मीच रडत होते, आणि ती मधूनच म्हणत होती, ‘तो नव्हे, त्याच्याहून लहान दे.’

दवाखान्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली, आणि ती बाई पहिल्याच पावसात परत गेली. पारूच्या धाकट्या सुनेची वेळ आली तेव्हा बोलावणं आलंच. आत्या बैलगाडीतून गेली. सून वाचली, मूल वाचलं नाही. त्यानंतर पारू एकदा आमच्या अंगणात आली. विहिरीवर इंजिन धडधडत होतं, पाटातून पाणी वाहत होतं. ती दादांना म्हणाली, ‘मास्तर, तुमच्या बावीला दाई गावली. आमच्या सुनंला न्हाय गावली.’ आणि टोपली उचलून गेली. परत मासळी घेऊन आमच्याकडे आली नाही.

आत्या शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. सुपाऱ्या सोलायची, पापड लाटायची, बोलावलं तर चालत बाळंतपणाला जायची, जितकं चालवेल तितकं. पहाटे इंजिन सुरू झालं की ती अंथरुणावरूनच ऐकायची. कधी म्हणायची, ‘आज त्याला धाप लागतेय, फिल्टर साफ करा.’ मधू जाऊन करायचा. वाडी त्या पाण्यावर फोफावली, माझं आणि मधूचं पुढचं शिक्षण त्या वाडीवर झालं. हे मी नाकारत नाही. दादा म्हातारपणी एकदा माझ्याशी त्या बोल्टबद्दल बोलू लागले होते. ‘त्या दिवशी मी जरा...’ एवढं म्हणाले. बाहेर कुणीतरी हाक मारली, ते उठले. मी वाट बघितली. पुन्हा तो विषय निघाला नाही. आत्या गेली तेव्हा तिच्या तेराव्याला जेवताना कुणीतरी बेड्यातल्या मोटारीची गोष्ट काढली, आणि माणसं हसली. तिच्या तेराव्याला.

म्हणून वाचणाऱ्या, तुझ्याकडे मागणी आहे, आणि ती विनंती नाही. तुझ्याही घरात कुणा आजीची, काकूची, बहिणीची अशी एक हसायची गोष्ट असेलच. तिने काय बिघडवलं, काय सांडलं, काय मोडलं. पुढच्या वेळी ती निघेल तेव्हा हसू नकोस. तिथल्या तिथे, सगळ्यांच्या ताटावर, विचार की त्याआधी त्या वस्तूला कोणी हात लावला होता. उत्तर मिळेपर्यंत पुढचा घास घेऊ नकोस. आणि ती बाई अजून जिवंत असेल, तर उठून तिच्यापाशी जा आणि तिला काय करायचं होतं ते तिच्याच तोंडून ऐकून घे. आजच जा.